लोकसंख्या वाढली किंवा घटली, तर गरिबीचे काय होते?

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले, तेव्हा एवढ्या माणसांना अन्न, पाणी आणि काम कोठून मिळणार, अशी चिंता सर्वत्र व्यक्त झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, चीनने आपली लोकसंख्या वर्षभरात सुमारे साडेआठ लाखांनी घटल्याचे सांगितले. १९६१ च्या दुष्काळी काळानंतर असे प्रथमच घडले होते आणि लगेच उलट चिंता सुरू झाली: माणसे अशीच कमी होत गेली, तर वृद्धांचा सांभाळ कोण करणार, कारखान्यांत काम कोण करणार? या दोन बातम्या लागोपाठ वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो की माणसे वाढणे हे संकट आहे की घटणे.

दोन्ही बातम्या खऱ्या होत्या आणि दोन्ही चिंतांमध्ये तथ्य आहे. गोंधळ होतो तो आपण लोकसंख्येच्या एकूण आकड्याकडेच पाहत राहतो म्हणून. त्या आकड्याच्या पोटात कोणत्या वयाची किती माणसे आहेत आणि ते प्रमाण किती वेगाने बदलते आहे, हे पाहिल्याशिवाय गरिबीशी किंवा सरकारी धोरणांशी त्याचा संबंध लागत नाही.

सहा माणसांची तीन घरे

प्रत्येकी सहा माणसांची तीन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरात दोघे कमावतात आणि चार लहान मुले आहेत. दुसऱ्यात पाच जण कमावतात आणि एकच मूल आहे. तिसऱ्यात दोघे कमावतात आणि चार वृद्ध माणसे आहेत. खाणारी तोंडे तिन्ही घरांत सहाच आहेत, पण त्यांची परिस्थिती अगदी वेगळी आहे. पहिल्या घराचा पैसा दूध, लसी आणि शाळेवर खर्च होतो. शिल्लक काही पडत नाही, मात्र दहा-पंधरा वर्षांनी हीच मुले कमावती होतील अशी आशा असते. दुसऱ्या घराला उसंत आहे. ते बचत करू शकते, घर दुरुस्त करू शकते, एकुलत्या मुलाला चांगले शिकवू शकते. तिसऱ्या घराचा खर्च औषधांवर आणि शुश्रूषेवर होतो आणि तो वर्षागणिक वाढतच जाणार असतो.

देशांचेही असेच असते. कमावण्याच्या वयातील, म्हणजे साधारणपणे १५ ते ६४ वर्षांच्या, दर शंभर माणसांमागे त्याहून लहान आणि त्याहून मोठी मिळून किती माणसे आहेत, या मापाला अवलंबित्व गुणोत्तर म्हणतात. हे माप ढोबळ आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. सोळा वर्षांची विद्यार्थिनी त्यात कमावती धरली जाते आणि सत्तराव्या वर्षीही राबणारा शेतकरी अवलंबून असलेला ठरतो. घरात दिवसभर काम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचा तर त्यात पत्ताच लागत नाही. तरीही एखादा देश त्या तीन घरांपैकी कोणत्या घराजवळ आहे, हे त्यावरून कळते. नायजर या आफ्रिकी देशात निम्मी लोकसंख्या साधारण पंधरा वर्षांच्या आतली आहे, तर जपानमध्ये निम्मी माणसे पन्नाशीच्या जवळ किंवा तिच्या पुढे पोहोचली आहेत. या दोन देशांची सामाजिक धोरणे सारखी असूच शकत नाहीत.

एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचा प्रवास

जवळपास प्रत्येक देश पहिल्या घरातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. पूर्वी मुले पुष्कळ जन्मत आणि त्यांतील बरीच दगावत, त्यामुळे लोकसंख्या फारशी वाढत नसे. स्वच्छ पाणी, लसी आणि बरे अन्न मिळू लागले की आधी बालमृत्यू घटतात. जन्म मात्र काही काळ पूर्वीइतकेच राहतात आणि त्या मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते. पुढे जन्मही कमी होतात. त्यानंतर, कमी जन्मांच्या काळात वाढलेल्या लहान पिढ्या मोठ्या होतात आणि आधीच्या मोठ्या पिढ्या म्हाताऱ्या होतात.

एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतात, त्या आकड्याला जननदर म्हणतात. तो २.१ च्या आसपास असला, तर आईवडिलांची जागा मुले घेतात आणि लोकसंख्या दीर्घकाळात स्थिर होते. भारताचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० आढळला, म्हणजे तो या पातळीच्या खाली गेलेला आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहील. यात विसंगती नाही. वेगात असलेल्या आगगाडीला ब्रेक लावल्यावरही ती बरेच अंतर पुढे जाऊन थांबते, तसेच हे आहे: आधीच्या काळात जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत, आणि प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच भरतात.

मुले जास्त म्हणून गरिबी, की गरिबी म्हणून मुले जास्त?

या विषयावर सर्वांत जास्त अन्याय झाला आहे तो याच प्रश्नाच्या उत्तरात. १७९८ मध्ये इंग्लंडमधील थॉमस माल्थस यांनी असे मांडले की अन्नधान्य हळूहळू वाढते, लोकसंख्या मात्र त्याहून फार वेगाने वाढू पाहते, म्हणून गरिबांना मदत केली तर ते अधिक मुले जन्माला घालतील आणि गरिबी होती तिथेच राहील. पुढच्या सव्वादोन शतकांत जगाची लोकसंख्या सुमारे आठपट झाली आणि तरी सरासरी माणूस तेव्हापेक्षा कितीतरी अधिक खातो आणि जगतो. पण गरिबीचा दोष गरिबांच्या मुलांना देण्याची सवय मात्र गेली नाही.

गरीब कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की हा प्रश्न वेगळा दिसू लागतो. जन्मलेल्या मुलांपैकी किती जगतील याची खात्री नाही, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही, आजारपणात विमा नाही, मुलगी शाळेत न जाता लवकर लग्न होऊन जाते आणि गर्भनिरोधक साधने मिळवायची तर दूरच्या गावी जावे लागते. अशा परिस्थितीत मुले हीच कुटुंबाची बचत आणि मुले हाच त्याचा विमा असतो. तेव्हा अधिक मुले होणे हा अडाणीपणा नसतो, समोर असलेल्या धोक्यांचा तो एक हिशेब असतो. धोके कमी झाले की हिशेब बदलतो, आणि तो किती वेगाने बदलू शकतो हे अनेक देशांनी दाखवून दिले आहे. बांगलादेश १९७० च्या दशकात अत्यंत गरीब होता आणि तेथील जननदर सातच्या जवळ होता. घरोघरी जाऊन स्त्रियांना साधने आणि सल्ला देणाऱ्या आरोग्यसेविका, बालमृत्यूंत झालेली घट आणि मुलींच्या शिक्षणाचा विस्तार यांमुळे सुमारे चार दशकांत तो दोनच्या किंचित वर येऊन पोहोचला. इराणमध्ये १९८० च्या दशकात सहाच्या वर असलेला जननदर २००० च्या सुमारास दोनवर आला. तेथे खेडोपाडी आरोग्यकेंद्रे होती आणि मुली शिकत होत्या. केरळने कोणतीही सक्ती न करता १९८० च्या दशकाच्या अखेरीस २.१ ची पातळी गाठली, आणि तेव्हा केरळ हे काही भारतातील श्रीमंत राज्य नव्हते.

सक्तीचा मार्गही आजमावून झाला आहे. भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एकाच वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांचा सर्वाधिक जाच गरिबांना झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे कुटुंबनियोजन हा शब्द उच्चारणेही राजकीय पक्षांना अवघड झाले. त्याआधी दोनच वर्षे, १९७४ च्या बुखारेस्ट येथील जागतिक लोकसंख्या परिषदेत, भारताचे आरोग्यमंत्री करण सिंग यांनी विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक असल्याचे सांगितले होते. सरकारने स्वतःच्याच मंत्र्याचे ते म्हणणे ऐकले असते, तर किती माणसांची विटंबना टळली असती, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

याचा अर्थ लोकसंख्यावाढीचा गरिबीवर काहीच परिणाम होत नाही, असा मात्र नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचे उदाहरण पाहा. जागतिक बँकेच्या तेव्हाच्या मापाप्रमाणे १९९० मध्ये तेथील सुमारे ५४ टक्के लोक अतिगरीब होते आणि २०१५ मध्ये ते प्रमाण ४१ टक्क्यांवर आले. परंतु याच काळात अतिगरीब माणसांची संख्या सुमारे २८ कोटींवरून ४१ कोटींवर गेली. प्रमाण घटले आणि संख्या वाढली, कारण एकूण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढत होती. अशा देशात सरकार दरवर्षी नव्या शाळा बांधते आणि तरी वर्गांतील गर्दी हटत नाही. नवे शिक्षक नेमते आणि तरी प्रत्येक शिक्षकामागची मुले तेवढीच राहतात. जो पैसा शिक्षणाचा दर्जा सुधारण्यासाठी वापरता आला असता, तो आहे तिथे टिकून राहण्यातच संपतो. वाढीचा वेग मंदावल्याने सरकारला आणि कुटुंबाला जी उसंत मिळते, ती गरिबीच्या दृष्टीने फार मोलाची असते.

सुगीचा काळ एकदाच येतो

दुसऱ्या घराच्या अवस्थेत पोहोचलेल्या देशाला, म्हणजे जेथे मुले कमी झाली आहेत आणि वृद्ध अजून फारसे वाढलेले नाहीत अशा देशाला, काही दशकांची अनुकूलता मिळते. तिला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. पूर्व आशियातील देशांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी प्रगती केली, तिचा सुमारे एक तृतीयांश भाग या बदललेल्या वयोरचनेमुळे शक्य झाला, असा अर्थतज्ज्ञ डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन यांचा अंदाज आहे. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत. पंचवीस वर्षांत ही संख्या दोनच्या खाली गेली. वाचलेला पैसा शाळांत आणि कारखान्यांत गुंतवला गेला, शिकलेल्या तरुणांना काम मिळाले आणि स्त्रियाही मोठ्या संख्येने पगारी कामावर जाऊ लागल्या.

लाभांश हा शब्द थोडा फसवा आहे, कारण तो ऐकून वाटते की बँकेत ठेव ठेवली की व्याज आपोआप जमा होईल. तरुण हात पुष्कळ असणे ही फक्त संधी असते. त्या हातांना शिक्षण आणि काम मिळाले नाही, तर त्याच वयोरचनेतून बेरोजगारी, स्थलांतर आणि असंतोष निर्माण होतो. अनेक देशांत ही संधी अर्धीच वापरली जाते, कारण कमावण्याच्या वयातील निम्मी माणसे स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुसंख्य पगारी कामाच्या बाहेर असतात. कागदावर पाच कमावते दिसणाऱ्या घरात प्रत्यक्षात तिघांनाच काम असेल, तर ते घर पाच जणांच्या कमाईइतकी बचत करू शकत नाही. आणि हा काळ संपला की पुन्हा येत नाही.

निवृत्तिवेतनाचा पैसा येतो कोठून?

बहुतेकांची समजूत अशी असते की निवृत्तिवेतन म्हणजे आपण आयुष्यभर साठवलेला आणि नंतर परत मिळणारा पैसा. काही योजना खरोखरच तशा असतात. परंतु जगातील बहुतेक मोठ्या सार्वजनिक योजनांत आज काम करणाऱ्यांच्या पगारातून कापलेला पैसा आजच्याच वृद्धांना दिला जातो, आणि कापून देणाऱ्याला असा शब्द मिळतो की तू म्हातारा होशील तेव्हा पुढची पिढी तुला देईल. हा दोन पिढ्यांमधील करार आहे. त्यात पैसे देणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतील, तोवर प्रत्येकाला थोडे देऊन भागते.

जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धांसाठीचा सार्वजनिक विमा सुरू झाला तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती आणि त्या वयापर्यंत पोहोचणारे कामगार थोडेच होते. अमेरिकेत १९५० मध्ये एका निवृत्तिवेतनधारकामागे पैसे भरणारे सोळाहून अधिक कामगार होते. आता ते तीनहून कमी आहेत. एकच ओझे सोळा जणांनी उचलणे आणि तिघांनी उचलणे यांतील फरक समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. अशा वेळी सरकारसमोर तीनच वाटा उरतात: कामगारांकडून अधिक पैसे घ्यायचे, वृद्धांना कमी द्यायचे किंवा निवृत्तीचे वय वाढवायचे. तिन्ही वाटा कोणाला ना कोणाला दुखावतात. फ्रान्समध्ये २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा झाला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. चीनने जानेवारी २०२५ पासून पुरुषांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६३ आणि स्त्रियांचे कामाच्या प्रकारानुसार ५० किंवा ५५ वरून अनुक्रमे ५५ किंवा ५८ पर्यंत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने नेण्यास सुरुवात केली.

बदल किती आधी सांगितला जातो, याला येथे फार महत्त्व आहे. अमेरिकेने १९८३ मध्ये केलेल्या कायद्याने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून ६७ केले, पण ६७ ची अट लागू झाली ती १९६० मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्यांना. कायदा झाला तेव्हा त्यांतील सर्वांत मोठे जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्यांना आपले आयुष्य त्याप्रमाणे आखायला चार दशके मिळाली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाला हीच गोष्ट सांगितली, तर तो विश्वासघात ठरतो. निवृत्तीचे वय सरसकट वाढवण्यावर आणखी एक रास्त आक्षेप आहे: कचेरीत बसून काम करणारा माणूस ६५ व्या वर्षीही ते करू शकतो, पण तरुणपणापासून विटा किंवा पोती वाहणाऱ्याचे शरीर त्याआधीच थकलेले असते, आणि गरिबांचे आयुर्मानही कमी असते. म्हणून वयाऐवजी कामाची एकूण वर्षे मोजावीत, हे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

निवृत्तिवेतनाने गरिबी खरोखर हटते का?

हटते, आणि याचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत १९५९ मध्ये ६५ वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ३५ टक्के गरीब होती. सार्वजनिक निवृत्तिवेतनाचा विस्तार झाल्यावर ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. याउलट दक्षिण कोरिया पाहा. त्या देशाने लाभांशाचा उत्तम उपयोग केला, पण राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना सुरू केली ती १९८८ मध्ये. ज्या पिढीने राबून देश श्रीमंत केला, तिच्या वाट्याला पैसे भरण्याची पुरेशी वर्षे आलीच नाहीत. मुले आपल्याला सांभाळतील, या भरवशावर ती राहिली आणि तोवर कुटुंबे लहान झाली, मुले दूरच्या शहरांत गेली. आज तेथील वृद्धांपैकी सुमारे ४० टक्के सापेक्ष गरिबीत, म्हणजे देशातील मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी उत्पन्नात, जगतात. विकसित देशांच्या सरासरीच्या दुपटीहून हे प्रमाण अधिक आहे. रद्दीचा पुठ्ठा गोळा करून हातगाडीवरून ओढत नेणारे वृद्ध त्या झगमगत्या शहरांत सर्रास दिसतात, आणि ही गोष्ट मन विषण्ण करते.

येथे एक आक्षेप येतो: वृद्धांवर खर्च केला की मुलांच्या तोंडचा घास जातो. अंदाजपत्रकात तसे घडू शकते, कारण वृद्ध मतदान करतात आणि मुलांना मत नसते. पण कुटुंबाच्या पातळीवर चित्र वेगळेही असते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या अखेरच्या काळात कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तिवेतन मोठ्या प्रमाणात वाढवले गेले. अर्थतज्ज्ञ एस्थर ड्यूफ्लो यांनी अभ्यासून दाखवले की ज्या घरांत ते आजीच्या हातात पडत होते, तेथील नातींचे पोषण सुधारले. पैसा वृद्धेला मिळाला आणि उंची व वजन लहान मुलीचे वाढले.

शाळा रिकाम्या, शुश्रूषेला माणसे नाहीत

वयोरचना बदलली की सेवांची मागणीही सरकत जाते, आणि इमारती व माणसे तेवढ्या चटकन सरकू शकत नाहीत. जपानमध्ये मुले नसल्यामुळे दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात, आणि दुसरीकडे वृद्धांची शुश्रूषा करणारी माणसे मिळत नाहीत. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र सार्वजनिक विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून पुढचा प्रत्येक जण त्यासाठी हप्ता भरतो, आणि आंघोळ घालणे, जेवू घालणे, घरी येऊन मदत करणे अशा सेवा त्यातून मिळतात. हे वरवर किरकोळ वाटेल. परंतु अशी व्यवस्था नसते तेथे हे काम घरातील सून किंवा मुलगी करते, त्यासाठी नोकरी सोडते, पुढे तिला स्वतःचे निवृत्तिवेतन मिळत नाही आणि म्हातारपणी तीच गरीब होते.

मग जन्म वाढवावेत का?

सक्तीने तर नक्कीच नाही. रोमानियात १९६६ मध्ये चाउशेस्कू यांच्या सरकारने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. एका वर्षात जननदर १.९ वरून ३.७ वर गेला आणि मग लोकांनी चोरून मार्ग शोधल्यावर पुन्हा घसरत गेला. मागे उरले ते युरोपातील सर्वाधिक मातामृत्यू आणि अनाथालयांत खितपत पडलेली एक लाखाहून अधिक मुले.

पैसे देऊनही फारसे साधत नाही, असे दिसते. सिंगापूरने १९७० च्या दशकात लोकांना दोन मुलांवर थांबण्यास सांगितले, १९८७ मध्ये शक्य असल्यास तीन किंवा अधिक होऊ द्या असे सांगितले, आणि २०२३ मध्ये तेथील जननदर एकच्याही खाली गेला. दक्षिण कोरियाने प्रचंड खर्च करूनही तो २०२३ मध्ये ०.७२ वर पोहोचला. घरे महाग, कामाचे तास लांब आणि मूल झाल्यावर नोकरीत मागे पडणारी स्त्री, असे चित्र असेल तर अनुदानाने फार फरक पडत नाही. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात जन्म घटले, तेव्हा आल्वा आणि गुन्नार मिरदाल या दांपत्याने प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला: मूल झाल्यामुळे कोणतेही कुटुंब गरीब होता कामा नये. त्यातून पुढे घरबांधणी, पाळणाघरे आणि बालक-भत्ते यांची धोरणे उभी राहिली. त्याने जननदर कायमचा वर राहिला असे नाही, पण मुलांची गरिबी घटली, आणि जन्म वाढोत वा न वाढोत, ते स्वतःच एक सार्थ फलित आहे.

परदेशांतून कामगार आणणे हा दुसरा मार्ग. त्याने उसंत मिळते, पण येणारी माणसेही म्हातारी होतात, आणि ज्या देशातून परिचारिका व तंत्रज्ञ निघून जातात त्याची दुसऱ्या घराची संधी तेवढी आटते.

माणसे कमी झाली, तर मजुरी वाढणार नाही का?

हा आक्षेप वजनदार आहे, कारण इतिहासात असे घडलेले आहे. चौदाव्या शतकात प्लेगने युरोपातील एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक माणसे मारली, आणि वाचलेल्या मजुरांची मजुरी इतकी वाढू लागली की इंग्लंडने १३५१ मध्ये कायदा करून ती रोखण्याचा प्रयत्न केला. पण प्लेगने सर्व वयांची माणसे नेली होती. आजची घट मुलांकडून सुरू होते: मुले आधी कमी होतात, मग कमावते, आणि वृद्ध मात्र अनेक दशके वाढतच राहतात. कामगाराची मजुरी थोडी वाढली, तरी त्याच्यावर विसंबणारी माणसे त्याहून अधिक वाढलेली असू शकतात. यंत्रांमुळे कमी माणसांत अधिक उत्पादन होईल हे खरे आहे. मात्र यंत्राच्या कमाईवर कर बसवून तो पैसा वृद्धांपर्यंत पोहोचवला नाही, तर ती कमाई यंत्राच्या मालकाकडेच राहील.

श्रीमंत होण्याआधी म्हातारे होणारे देश

फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरील माणसांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्के व्हायला सुमारे ११५ वर्षे लागली. जपानला त्यासाठी सुमारे २५ वर्षे लागली, तर दक्षिण कोरियाला अवघी १८. फ्रान्सला व्यवस्था उभारायला तीन-चार पिढ्या मिळाल्या. आज विकसनशील असलेल्या अनेक देशांना एकच पिढी मिळणार आहे, आणि त्यांचे बहुतेक कामगार असे आहेत की ज्यांच्या पगारातून काही कापले जात नाही, कारण त्यांना ठरलेला पगारच नसतो. बिस्मार्क यांच्या काळापासून चालत आलेली, नोकरीशी जोडलेली विम्याची पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी करांतून दिले जाणारे, सर्वांना मिळणारे आणि महागाईबरोबर आपोआप वाढणारे किमान निवृत्तिवेतन हाच व्यवहार्य मार्ग आहे, असे माझे मत आहे.

आपोआप वाढणारे, हा शब्द मी मुद्दाम वापरला. भारतात दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धांना केंद्र सरकारकडून मिळणारा निवृत्तिवेतनाचा वाटा महिना २०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण केंद्राचा आकडा वर्षानुवर्षे तेवढाच राहिला आहे. लोकसंख्या बदलते आणि कायद्यातील आकडा गोठून राहतो, तेव्हा गरीब माणूस कोणताही निर्णय न होताच योजनेच्या बाहेर पडतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. त्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून सुमारे ८१ कोटी ठरली, आणि पुढची जनगणना लांबत गेल्यामुळे ती तेवढीच राहिली; त्यामुळे दहा कोटींहून अधिक माणसे हक्कापासून वंचित असल्याचा अंदाज अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी मांडला होता. म्हणून जनगणना वेळेवर होणे हीच गरिबीविरुद्धची एक तातडीची उपाययोजना आहे.

पाऊस किंवा बाजारभाव पुढच्या वर्षी काय असेल हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. वयोरचनेचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० मध्ये भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे ३५ कोटी, म्हणजे दर पाचांत एक, असतील. ती सर्व माणसे आजच जन्मलेली आहेत. त्यांतील सर्वांत तरुण १९९० मध्ये जन्मली असून ती सध्या बांधकामांवर, शेतांत, दुकानांत आणि घराघरांत काम करत आहेत, आणि त्यांच्या नावावर काही जमा होण्यासाठी पंचवीस वर्षांहूनही कमी काळ उरला आहे.